बेअर कॅनिस्टर: भाड्याचा, विकतचा आणि अस्वलाने तपासलेला

उन्हाळा जवळ आला की बे एरियातल्या आमच्या ट्रेकवाल्या मराठी ग्रुपवर ठरलेला प्रश्न पडतो, ‘योसेमिटीला (कॅलिफोर्नियातल्या त्या डोंगराळ नॅशनल पार्कात) रानात मुक्काम करायचाय, तो डबा खरंच घ्यावा लागतो का, आणि कोणता घ्यावा?’ पहिल्या अर्ध्याचं उत्तर एका शब्दात आहे: हो. तिथल्या रानात रात्र काढायची तर अन्न बेअर कॅनिस्टरमध्येच, म्हणजे अस्वलाला उघडता येऊ नये अशा डब्यातच ठेवायचं, हा नियम आहे. परवाना द्यायच्या आधी रेंजर डब्याबद्दल विचारतात, आणि अन्न उघड्यावर सापडलं तर दंड पाच हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी हे लिहितेय. मी भाड्याचाही वापरलाय, विकतचाही वापरलाय. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळते आहे, कारण मला सांगायचंय ते झाकणांबद्दल.

वस्तू म्हणाल तर ओबडधोबड. फूटभर उंच, नऊएक इंच रुंद, कडक प्लॅस्टिकचं पिंप. आत दहा ते साडेअकरा लिटर जागा, आणि रिकामं असतानाच वजन सव्वा किलोच्या आसपास. सॅकमध्ये आडवं बसत नाही, उभं ठेवलं की पाठीला टोचतं, आणि शेवटी स्लीपिंग बॅगच्या वर, खांद्यांच्या मधोमध कोंबावं लागतं. कान नाहीत, कडी नाही, कोपरा नाही. पहिल्यांदा हातात घेतल्यावर मी म्हटलं, निदान धरायला एक खाच तरी द्यायची! पण खाच दिली की ती अस्वलाच्या नखालाही मिळते. रुंदीही त्याच हिशोबाने ठरलेली आहे, अस्वलाच्या जबड्यात मावू नये इतकी. आपल्याला जे जे गैरसोयीचं वाटतं ते बहुतेक सगळं अस्वलासाठी मुद्दाम गैरसोयीचं केलेलं आहे. त्यामुळे ‘हाताळायला सोपा नाही’ म्हणून या वस्तूचे तारे कापणाऱ्यांशी माझं जमत नाही.

झाकणं मुख्यतः दोन प्रकारची. एक काळा, अपारदर्शक डबा, ज्याच्या झाकणात दोन खिळी बुडवलेल्या असतात. नाणं घालून फिरवलं की उघडतात. दुसरा पारदर्शक, आटे असलेल्या मोठ्या झाकणाचा. त्यात एक उंचवटा बोटाने आत दाबत झाकण पुढे सरकवायचं. दुकानात दोन्ही सोपे वाटतात. नऊ हजार फुटांवर, पहाटे, बोटं आखडलेली असताना आणि चहाची पावडर आत असताना पारदर्शक डबा माणसाला रडवतो. थंडीत प्लॅस्टिक ताठ होतं आणि उंचवटा दबता दबत नाही. जुनं क्रेडिट कार्ड त्या फटीत सरकवून झाकण फिरवायचं, ही युक्ती सगळे वापरतात, मीही वापरते. काळ्या डब्याला नाणं पुरतं, फक्त ते नाणं डब्यात ठेवायचं नाही. हसू नका, ठेवणारे असतात.

मग काळाच घ्यावा का? थांबा, त्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतली एक अस्वलीण सांगते. कानाला पिवळे बिल्ले लावलेले, म्हणून तिला ‘यलो-यलो’ म्हणायचे. अंगाने लहानखुरी आणि माणसांना बुजणारी. या बाईने आट्यांच्या झाकणाचा डबा दातांनी उंचवटा दाबून उघडायची विद्या स्वतःची स्वतः शिकून घेतली. कंपनीने झाकणाला दुसरा उंचवटा जोडला, तिने तोही सोडवला. शेवटी 2012च्या शिकारीच्या मोसमात ती मारली गेली. काही पदवीधरांना पहाटे जमत नाही ते तिला अंधारात जमत होतं, हे मला दर वेळी क्रेडिट कार्ड शोधताना आठवतं. योसेमिटीत मात्र हा प्रकारही मान्य डब्यांच्या यादीत आहे, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही.

‘एवढा खटाटोप एका पोह्यांच्या पिशवीसाठी?’ असं ज्यांना वाटतं त्यांनी काळ्या अस्वलाचं वर्ष कसं जातं ते बघावं. (काळं नावापुरतं. योसेमिटीतली बरीचशी अस्वलं तपकिरी असतात, काही तर दालचिनीच्या रंगाची. लोक लांबून बघून ‘ग्रिझली, ग्रिझली’ म्हणून ओरडतात, पण ग्रिझली हे काळ्याहून दांडगं, निराळं अस्वल, आणि कॅलिफोर्नियात ते 1920च्या दशकातच संपलं.) वसंतात हा प्राणी गुहेतून बाहेर येतो तेव्हा त्याने काही महिने ना खाल्लेलं असतं, ना पाणी प्यायलेलं, ना लघवी केलेली. अंगातलं युरिया पुन्हा प्रथिनांत वळवून घेणारं शरीर आहे ते. हृदयाचे ठोके मिनिटाला आठ-दहावर आलेले असतात, तरी अंगाची ऊब फारशी उतरत नाही, म्हणून हलवलं तर जागं होतं. बाहेर आल्यावर समोर काय, तर कुरणातलं कोवळं गवत. आपल्याकडे बैल खातात तसं, मान खाली घालून, तासन्‌तास. गवत पचवायला बैलाचं पोट मात्र नाही, म्हणून ते कोवळं असेपर्यंतच उपयोगाचं. मग मुंग्या, गांधीलमाश्यांच्या पोळ्यातल्या अळ्या, पुढे बेरी, मँझनिटाची फळं, आणि शरद आला की ब्लॅक ओकची फळं. मांस बहुतेक मेलेल्या जनावराचं, किंवा वसंतात हरणाचं पाडस हाती लागलं तर.

योसेमिटीतल्या लायल कॅनियनमध्ये एकदा दुपारी एक मादी बघायला मिळाली. नदीच्या पलीकडच्या काठावर, मोडून पडलेल्या लॉजपोल पाइनच्या ओंडक्यापाशी. ओंडका चांगला मांडीएवढा जाड. तिने एका पंजाने तो सहज आपल्याकडे ओढला, कुजकी साल नखांनी उचकटली आणि आत जीभ घातली. खरवडणं, चाटणं, फुंकर मारल्यासारखा आवाज, पुन्हा खरवडणं. पिल्लू एकच होतं. ते आईच्या नखाखालून उडालेला सालीचा तुकडा धरून चाटत बसलं होतं. मध्येच तिने मान वर केली. आमच्याकडे बघितलंच नाही, नाक वाऱ्याकडे धरलं, आणि पुन्हा ओंडक्यात. एका ओंडक्यातून मिळाल्या असतील मूठभर मुंग्या. ती हलली की पिल्लू जाऊन तिने उचकटलेली तीच जागा चाटायचं.

आता गंमत बघा. शरदात हेच अस्वल दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खाऊ शकतं. पुढचा हिवाळा अंगावरच्या चरबीवर काढायचा असतो, आणि मादीची तर गोष्टच वेगळी. समागम जून-जुलैत होतो, पण गर्भ रुजायचा थांबतो. शरदाअखेरपर्यंत अंगावर पुरेशी चरबी आली तरच तो रुजतो, नाही तर त्या वर्षी पिल्लं नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत गुहेत पिल्लं जन्मतात, प्रत्येकी पाव किलोच्या थोडं पुढे-मागे, डोळे मिटलेली, आणि आई स्वतः उपाशी राहून त्यांना अंगावर पाजते. दोन माणसांचं तीन दिवसांचं जेवण म्हणजे साधारण पंधरा हजार कॅलरी. मुंग्यांच्या हिशोबात किती ओंडके होतील? आपण ते एका ठिकाणी, तेल-तुपासकट बांधून, तिच्या वाटेवर नेऊन ठेवतो. ती आली तर चूक कोणाची?

आणि एकदा मिळालं की ते विसरलं जात नाही. पिल्लं आईबरोबर वर्ष-दीड वर्ष हिंडतात. कुठलं झाड कधी फळतं, कुठल्या कुरणात काय, हे सगळं तिच्या मागे मागे शिकतात. त्यात तंबू, सॅक, गाड्यासुद्धा येतात. पूर्वी अन्न दोरीने फांदीला टांगायची पद्धत होती. योसेमिटीतली अस्वलं दोरी चावून तोडायला शिकली, आणि फांदी बारीक असेल तर आया पिल्लांना वर पाठवायला लागल्या. म्हणून तिथे आता टांगणं चालतच नाही. ‘मी वीस वर्षं टांगतोय, काही होत नाही’ असं सांगणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. त्यांना हे वाचून दाखवा.

हे सगळं अस्वलांना शिकवलं मात्र माणसांनी. योसेमिटीत 1920-30च्या दशकांत कचऱ्याच्या खड्ड्यावर अस्वलांना खायला घालून त्याचा खेळ दाखवला जायचा, लोक संध्याकाळी बघायला जमायचे. तो खेळ 1940च्या सुमारास बंद झाला, उघडे उकिरडे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला. उकिरडे बंद झाल्यावर अस्वलं वळली तंबूंकडे आणि गाड्यांकडे. 1998 या एका वर्षात अस्वलांनी नुकसान केल्याच्या 1,584 घटना नोंदवल्या गेल्या, नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या वर. त्यानंतर पार्किंगमध्ये, कॅम्पग्राउंडमध्ये लोखंडी पेट्या बसल्या, डबे सक्तीचे झाले, रात्रीच्या फेऱ्या वाढल्या, आणि घटना नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. कुठलंही औषध किंवा कुंपण नाही, नुसती झाकणं! या वस्तूला चार तारे देण्यामागचं माझं मोठं कारण हेच आहे.

मिनीव्हॅनवाल्यांनी इथे कान द्यावेत, आणि आपल्यात मिनीव्हॅनवाले कमी नाहीत. 2001 ते 2007 या काळातल्या फोडलेल्या गाड्यांचा संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा अस्वलं बाकी गाड्यांच्या मानाने मिनीव्हॅन फार जास्त फोडतात असं दिसलं. कारणं काय असावीत याचे त्यांनी अंदाज बांधले. एक म्हणजे मुलांच्या गाडीत सांडलेला खाऊ. आमच्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत शोधलं तर दिवाळीच्या शंकरपाळ्यांचे जीवाश्म निघतील. अंधार पडल्यावर तिथे गाडीत खाण्याचं काहीही ठेवायचं नाही, पेटीत ठेवायचं. लहान मुलांची कार सीट पुसून घ्या.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न: मसाल्याचा वास. डबा वास अडवत नाही. हे सगळ्यांनी नीट वाचावं, कारण विकणाऱ्यांच्या पानावरचे निम्मे तक्रारदार याच गैरसमजातले आहेत. झाकणाला रबरी कडं नसतं, पाणीही आत जाऊ शकतं, पाऊस असेल तर डबा उलटा ठेवतात. अस्वलाला आत लसणाची चटणी आहे हे कळणारच, त्याचं नाक तसलंच आहे. त्याला उघडता येऊ नये एवढंच डब्याचं काम.

आत काय बसतं? भडंग, चिवडा, कुरमुरे विसरा, नुसती हवा वाहून न्याल. थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, मेतकूट, गूळ, शेंगदाण्याचे लाडू, तूप छोट्या बाटलीत, झटपट शिजणारा भात. पिठं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत सैल भरायची म्हणजे डब्याच्या गोलाव्यात बसतात. चौकोनी पाकिटं नेली की भिंतीपाशी जागा वाया जाते. पहिल्या रात्रीचं जेवण बाहेर ठेवलं तरी चालतं, कारण ते झोपण्याआधी पोटात गेलेलं असतं. पण त्या रात्रीपासून कचरा आत जातो. आणि टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, कैलास जीवनची डबी, डोक्याचं तेल. दोघांना डबा पुरणार नाही असं वाटतं ते याच वस्तूंमुळे. माझा नवरा दाढीचा साबण तंबूत ठेवून ‘हे काय अन्न आहे का’ म्हणाला होता. अस्वलाच्या लेखी आहे!

विकतच्या डब्याची परीक्षा लायल कॅनियनलाच झाली. ओंडक्याजवळची ती मादी होती का दुसरं कुणी, सांगता येणार नाही. डबा तंबूपासून शंभर फुटांवर, सपाट जागी, दोन झाडांच्या मध्ये ठेवला होता. पाण्याजवळ किंवा उतारावर ठेवत नाहीत, कारण अस्वल तो लोळवतं आणि सकाळी तुमचा नाश्ता नदीच्या मालकीचा होतो. रात्री मला ठक्‌ ठक्‌ असं काहीतरी ऐकू आलं, दगडावर पोकळ वस्तू आपटल्यासारखं, मग बराच वेळ काही नाही. उजेड झाल्यावर डबा जागेवर नव्हता. वीसेक पावलांवर झुडपात आडवा पडलेला मिळाला. अंगाला वाळलेल्या लाळेचे पट्टे, त्यावर पाइनच्या सुया चिकटलेल्या, आणि झाकणाच्या कडेला दोन समांतर ओरखडे, नखात अडकेल इतके खोल. खिळीच्या खाचेत माती बसली होती. ती काडीने कोरून काढल्यावर नाणं फिरलं. आत भाजणी, चटणी, तूप, सगळं जागच्या जागी, फक्त लाडवांचा भुगा. तो आम्ही दुधाच्या पावडरीत कालवून खाल्ला, बरा लागला.

हे डबे बाजारात येण्याआधी माँटानातल्या वेस्ट यलोस्टोनच्या एका केंद्रात बंदिस्त ग्रिझलींसमोर टाकतात. आत खाऊ भरतात आणि अस्वलांना साठ मिनिटं काय करायचं ते करू देतात. तेवढ्यात उघडला-फुटला नाही तर तो पास. तेव्हा काळ्या अस्वलासाठी डबा पुरेसा मजबूत आहे का, ही काळजी करू नका. झाकण नीट लागलंय का, याची करा. अर्धवट फिरवलेल्या खिळीचा डबा म्हणजे उघडा डबा.

चंद्रपूरची माझी नणंद इथे आली होती तेव्हा हा ओरखड्यांचा डबा बघून म्हणाली, “वहिनी, आमच्याकडे मोहाच्या दिवसांत अस्वल दिसलं की बाया टोपली टाकून पळतात, आणि तुम्ही त्याच्या शेजारी झोपता?” तिचं बरोबर आहे. विदर्भातलं अस्वल वेगळं. ते वाघाच्या रानात राहणारं, अचानक समोर माणूस आला की अंगावर जाणारं, आणि मोह वेचणाऱ्या कितीतरी लोकांनी त्याचे घाव सोसलेत. इथलं काळं अस्वल बिथरलं की बहुतेकदा झाडावर चढतं किंवा निघून जातं. योसेमिटीत काळ्या अस्वलाने माणूस मारल्याची नोंद नाही. दिसलं तर पळायचं नाही, हात वर करून, भांडी बडवून ओरडायचं, अंतर ठेवायचं, पिल्लू आणि आई यांच्या मध्ये जायचं नाही. बेअर स्प्रे तिथे न्यायला बंदी आहे, सबब तो खर्च वाचवा. जिवाला धोका असेल तर तो अस्वलाच्या: माणसाच्या अन्नाला सोकावून धीट झालेलं अस्वल कधीकधी शेवटी मारावं लागतं. गाड्यांखाली मरतात ती वेगळीच. तिथल्या रस्त्यांवर लाल अस्वलाच्या पाट्या दिसतील, तिथे वेग कमी ठेवा.

भाड्याचं काय? पार्कात परवाना घेताना डबा काही डॉलरांत भाड्याने मिळतो, आणि वर्षातून एखादी फेरी असेल तर तेच करा. आमच्याकडच्या एका ट्रेकिंगच्या दुकानातून घेतलेल्या डब्याची एक खिळी झिजलेली निघाली, नाणं नुसतं घसरायचं. तेव्हा कुठूनही घ्या, काउंटरवरच दोन-तीनदा उघड-बंद करून बघा. विकत घ्यायचा तर ऐंशी ते शंभर डॉलरच्या आसपास. कार्बन फायबरचे हलके मिळतात, वजन किलोच्या आत, पण किंमत तिप्पट-चौपट. ते लांबच्या वाटेवर महिनाभर चालणाऱ्यांनी घ्यावेत. न फाटणाऱ्या कापडाच्या पिशव्या हलक्या असतात, त्या काही रानांत चालतात, योसेमिटीत चालत नाहीत.

माझा कौल: दोघांसाठी मोठा काळा, नाण्याचा. आतलं दिसत नाही म्हणून पिशव्यांना रंगीत दोरे बांधा, नाही तर मेतकुटासाठी सगळा डबा उपसाल. बाहेरून चकाकणारी टेप चिकटवा, झुडपात शोधायला बरी पडते. दोरी बांधू नका, अस्वलाला ओढायला मिळते. एक तारा कापलाय तो वजनासाठी नव्हे, अरुंद तोंडासाठी: हात कोपरापर्यंत आत घातला तरी तळाशी सांडलेलं पीठ निघत नाही, आणि घरी आल्यावर तो भांडी घासायच्या सिंकमध्ये मावत नाही. आंघोळीच्या बादलीत, गरम पाणी आणि रिठ्याने धुवा. वासाचा साबण नको, पुढच्या खेपेला तोच वास त्याच्या नाकापर्यंत जाईल.